आईजवळची ड्युटी

पीस पोस्टिंग म्हटलं की गावाकडच्या लोकांना वाटतं, आता हा माणूस दोन वर्षं नुसत्या झोपा काढणार. मागचे लेख वरच्या पोस्टवरून लिहिले होते. दिल्लीला बदली झाली तेव्हा एका जुन्या साथीदाराने विचारलंही, "आता काय लिहिणार? मेट्रोबद्दल?" तर हे दिल्लीतलं.

जानेवारीतली रात्र, पहाटेचे तीन वाजलेले. दिल्ली कँटमधल्या आमच्या क्वार्टरबाहेर धुकं इतकं, की समोरच्या ब्लॉकचा दिवासुद्धा दिसत नव्हता. आईच्या कण्हण्याने जाग आली. आत गेलो तर आई ओल्या चादरीवर कुडकुडत पडलेली, आणि तिच्यासाठी ठेवलेली मुलगी खाली सतरंजीवर गाढ झोपलेली. मी आवाज चढवला. झोपलेल्या संतऱ्यावर चढवतो, अगदी तसा. मुलगी दचकून उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि "सॉरी साहब, सॉरी साहब" म्हणत रडायला लागली.

आई म्हणाली, "आरं, ती बी माणूसच हाय की."

त्या रात्रीवर लिहायचं आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही.

माझी आई ८२ वर्षांची. वडीलही फौजेतलेच, हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि नऊ वर्षांपूर्वी गेले. आई कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी एकटी राहायची आणि त्यात तिला काही अडचण नव्हती. अडचण आम्हाला होती. दिवाळीच्या आधी अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्यात ऑपरेशन झालं. थोरला भाऊ पुण्यात कंपनीत, शिफ्टची नोकरी, दोन खोल्यांचं घर, वहिनीही कामावर जाते. माझ्याकडे निदान क्वार्टर होतं आणि जवळ ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला आईला गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला आणलं. मनमाड गेलं की आईने विचारलं, "आलं का?" त्यानंतर निजामुद्दीनपर्यंत दर स्टेशनला तेच.

घरी माणसं तीन. बायको शाळेत शिकवते, सकाळी सातला बाहेर पडते. मुलगी बारावीला. आणि माझं म्हणाल तर जानेवारीत दिल्लीत असलेल्या पलटणीला २६ जानेवारीशिवाय दुसरं आयुष्य नसतं. पहिले आठ दिवस बायकोने रजा काढून निभावलं. नवव्या दिवशी आईला उचलताना तिच्या कमरेत उसण भरली. मग मात्र माणूस शोधायला लागलो.

पुण्यात याला ब्युरोची बाई म्हणतात, जुनी माणसं आया म्हणतात. दिल्लीत शब्द आहे 'अटेंडंट', आणि अटेंडंट मिळतात एजन्सीमधून. एका एजन्सीत फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "बारह घंटे या चौबीस घंटे?" दुसरा प्रश्न, "जेंट्स या लेडीज?" तिसरा प्रश्न आलाच नाही. पेशंटला काय झालंय, वजन किती, स्वतः बसता येतं का, जेवण गिळता येतं का, रात्री किती वेळा उठावं लागतं, काही नाही. महिना २७ हजार, एक महिन्याचे पैसे आगाऊ, 'ट्रेंड नर्स' दुसऱ्या दिवशी हजर. गाडीचा सुटा भाग मागवतानाही यापेक्षा जास्त चौकशी होते.

आलेली बाई नर्स नव्हती. तिला दोष देत नाही, तिने तसं कधी सांगितलंही नव्हतं. सांगितलं होतं एजन्सीने. आधी ती एका घरी लहान मूल सांभाळत होती. तिसऱ्या दिवशी आईला पलंगावरून उठवताना तिने दंडाला धरून ओढलं. आईचा खांदा आठवडाभर काळानिळा होता. त्याच आठवड्यात माकडहाडापाशी कातडी लाल झालेली बायकोच्या लक्षात आली. पलटणीच्या एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटला दाखवलं. एएमसीचा पोरगा, वय असेल २८. तो संध्याकाळी घरी आला, बूट बाहेर काढले, हात धुतले आणि अर्ध्या तासात आम्हा सगळ्यांना जे शिकवलं ते मी इथे लिहून ठेवतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या लागणार आहे.

माणसाला हाताला धरून कधी ओढायचं नाही. पाठीखालून मांड्यांपर्यंत एक दुहेरी घडीची चादर घालून ठेवायची आणि वर सरकवायचं असेल तर दोघांनी दोन बाजूंनी ती चादर धरायची. ओझं चादर उचलते, खांदा नाही. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, या जागा रोज उजेडात बघायच्या. लाली आली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती गेली नाही, तर ती बेडसोरची सुरुवात, तिथे चोळायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. घास भरवायचा तो बसवून, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनळीत जातं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला बसवताना, वळवताना काय टाळायचं, ते ज्याने ऑपरेशन केलं त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं. आम्ही घेतलं नव्हतं. पोराने साताऱ्याला फोन लावायला लावला.

हे सगळं अर्ध्या तासाचं शिक्षण. महिना २७ हजार घेणाऱ्याने ते दिलं नव्हतं.

पोराला सोडायला खाली उतरलो. जिन्यात मनात आलेला विचार अजून गेलेला नाही. नोएडात अरुण विहारला माझे एक जुने सुभेदार मेजर साहेब राहतात. तिथल्या गेटवर असो, नाहीतर गुडगावच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर असो, काठी घेऊन उभा असलेला जो गार्ड असतो, त्याच्यासाठी या देशात कायदा आहे. खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५. एजन्सीला राज्य सरकारचं लायसन्स लागतं. गार्डची पार्श्वभूमी तपासावी लागते. आणि प्रशिक्षण? १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर, किमान २० कामाच्या दिवसांत. आपल्यासारख्या माजी सैनिकांना त्यात सूट आहे, पण सूट म्हणजे माफी नव्हे. त्यांनाही काही तास बसावंच लागतं. पेन्शनवर गेल्यावर सिक्युरिटीत गेलेल्यांना हे पाठ आहे. प्रत्यक्षात किती एजन्सी ते १६० तास पुरे करतात हा वेगळा विषय, त्यावर आपल्यातले काही जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतील. पण कागदावर तरी आहे. नाही केलं तर विचारता येतं.

गेटवरचा माणूस आपल्या गाडीच्या काचेत डोकावतो. आईजवळचं माणूस तिला न्हाऊ घालतं, औषध देतं, रात्री तिच्या खोलीत झोपतं, तिच्या कपाटाची किल्ली त्याला माहीत असते. पहिल्याला १६० तास. दुसऱ्याला किती? शून्य. लायसन्स? लागत नाही. दिल्ली सरकारने २०१४ मध्ये प्लेसमेंट एजन्सींच्या नोंदणीचा आदेश काढला, पण तो माणूस कुठून आणला, कसा आणला याच्याबद्दल. त्या माणसाला पेशंट उचलता येतो का, हे त्यात कुणी विचारत नाही. शिक्षण मिळत नाही असंही नाही; आमच्यापासून जवळ, द्वारकेतच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स आहे, केंद्र सरकारची, ती वृद्धांच्या शुश्रूषेचे कोर्स चालवते. पण तिथे शिकलेलंच माणूस पाठवायचं असं एजन्सीवर बंधन नाही, आणि न शिकलेलं माणूस स्वस्त पडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याच पोटातलं: गेट सांभाळणाऱ्याला जे लागू आहे, ते आई-वडील सांभाळणाऱ्याला लागू करा. तेही दोन्ही बाजूंनी. त्याचं शिक्षण आणि तपासणी, आणि त्याची पाळी आणि पगार.

दुसरी बाजू मला त्या जानेवारीच्या रात्री कळली. तोपर्यंत मीही फक्त पहिल्याच बाजूने ओरडत होतो.

पहिल्या बाईच्या जागी एजन्सीने दुसरी पाठवली. २२ वर्षांची, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, उंचीने माझ्या मुलीएवढी. ही उचलायला पटकन शिकली. आमच्यापेक्षा चांगली शिकली. अडचण निघाली भाषेची. आईला हिंदी येत नाही आणि या वयात ती शिकणारही नाही. फौजी घरातली असूनही वडिलांबरोबर ती फक्त एकदाच बाहेर राहिली, तेही बेळगावला.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "पोरी, मला लागली." मुलगी घाबरली, "कहाँ लगी दादी, कहाँ लगी?" म्हणून हातपाय तपासत बसली, आणि व्हायचं ते झालं. आई म्हणायची, "कमरेत कळ येतीया." मुलगी म्हणायची, "कल? ठीक है दादी, कल." सगळ्यात गंमत जेवणाची. आई हात आडवा करून म्हणायची, "पुरे, पुरे." मुलीला वाटायचं पूरा दे म्हणतेय, ती आणखी वाढायची. आई ताटातलं टाकत नाही. दोन दिवस आईचं पोट बिघडलं, तेव्हा उलगडा झाला.

नशिबाने लिपी एकच. माझ्या मुलीने एका कागदावर वीस-पंचवीस शब्द लिहून फ्रिजवर चिकटवले. लागली म्हणजे बाथरूम. कळ म्हणजे दर्द. पुरे म्हणजे बस. हळू म्हणजे धीरे. गार म्हणजे ठंडा. दिल्लीतल्या मराठी घरांनी निदान हा कागद तरी पहिल्याच दिवशी करावा. एजन्सी करणार नाही.

तर ती रात्र. ओरडून झालं, चादर बदलली, आईला कोरडं केलं, गरम पाण्याची पिशवी दिली. मुलगी पुन्हा झोपायला तयार होईना, भिंतीला टेकून बसून राहिली. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि उभ्या उभ्या हिशोब करायला लागलो. आई पाचला उठते, म्हणजे मुलगी पाचला उठलेली. दिवसभर आईचं सगळं. त्यात दुपारी आम्ही तिला भाजी निवडायला दिली होती. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही, ती रिकामी दिसली म्हणून दिली. रात्री साडेदहाला आई झोपली, अकराला उठली, साडेबाराला उठली, दोनला उठली. तीनला उठली तेव्हा मुलगी उठली नाही.

आपल्याकडे संतरी किती वेळ उभा करतात? दोन तास. दोन तास ड्युटी, चार तास आराम, तीन रिलीफ. पहिल्या आठवड्यात रंगरूटाला शिकवतात. का? कारण माणूस कितीही जिगरबाज असला तरी त्यानंतर त्याचे डोळे उघडे असतात आणि दिसत काही नाही. संतरी झोपला तर आर्मी ॲक्टमध्ये गुन्हा आहे, बरोबर. पण चौकशीत पहिला प्रश्न कुणाला विचारतात? गार्ड कमांडरला. रिलीफ लावले होते का? रोस्टर दाखव. २२ तास एकाच माणसाला उभं केलंस आणि वर तो झोपला म्हणून चार्ज लावतोस, तर चार्ज तुझ्यावर लागेल.

२४ तासांच्या ड्युटीच्या कागदावर माझी सही होती. २६ वर्षं नोकरी झालेल्या सुभेदाराची.

सकाळी आईसमोर त्या मुलीची माफी मागितली. तिला ते विचित्रच वाटलं असावं. मग बायकोने विचारलं, "एजन्सी तुझे कितना देती है?" १३ हजार. आम्ही देतो २७. मधले १४ हजार दर महिन्याला त्या माणसाला, ज्याने तिसरा प्रश्नही विचारला नव्हता. तुलनेसाठी सांगतो: दिल्ली सरकारने एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना १८,४५६ रुपये ठरवलं, आणि ते आठ तासांच्या दिवसाचं. आमच्या घरात दिवस २२ तासांचा चालला होता आणि सुट्टी महिन्यात एकही नव्हती.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ती गुमल्याची, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाससाठी आधार कार्डाची झेरॉक्स मीच दिली होती. त्या सकाळी चहा पिताना सहज विचारलं, गाव कुठलं? म्हणाली, जारीच्या बाजूला. मी म्हटलं, म्हणजे अल्बर्ट एक्का? तिचा चेहरा एकदम बदलला. लान्स नाईक अल्बर्ट एक्का, १४ गार्ड्स, ३ डिसेंबर १९७१, गंगासागर, परमवीर चक्र मरणोत्तर. आपण ही नावं क्लासरूममध्ये पाठ करतो. रांचीच्या मुख्य चौकाला त्यांचं नाव आहे. ती म्हणाली, आमच्या शाळेत त्यांचा दिवस करतात. आणि मग मी त्या मुलीकडे नीट बघितलं. लाज याची, की त्यासाठी मला परमवीर चक्र मध्ये आणावं लागलं. तिच्या जिल्ह्यात एकही शहीद नसता, तरी तिची झोप तेवढीच होती.

कँटमध्ये घरकामाच्या माणसाला पास लागतो. त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशन, फोटो, आधार. बाहेर राहणाऱ्यांनीही ते जरूर करावं; एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी दिल्ली पोलिसांची १२९१ ही हेल्पलाइन आहे, नाव नोंदवलं तर बीटचा माणूस येऊन जातो. देशभरासाठी १४५६७ आहे. या सगळ्याला माझा पाठिंबाच आहे. मागच्या काही वर्षांत दिल्लीत एकट्या म्हाताऱ्यांचं काय काय झालं ते आपण पेपरात वाचतो. पण व्हेरिफिकेशनने फक्त एवढंच कळतं की या माणसावर गुन्हा नाही. त्याला काम येतं का, ते कळत नाही. आणि आमचं व्हेरिफिकेशन कुणी केलं? गुमल्यातल्या तिच्या बापाला आमच्याबद्दल काय माहीत होतं? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे, जिल्ह्याला तक्रार समिती असते. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, बायकोला शाळेतल्या ट्रेनिंगमुळे माहीत होतं, तिने सांगितलं.

सरकारला हे सुचलंच नाही असं नाही. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आपल्याला माहीत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं, त्यात घरी जाऊन वृद्धांची सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा असं दोन्ही होतं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि १७ वी लोकसभा संपली तेव्हा तेही संपलं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. म्हणजे एकीकडे वृद्धांचा कायदा, दुसरीकडे कामगारांचा, आणि आईची खोली या दोघांच्या मधल्या भिंतीत.

माझ्या सुभेदार मेजर साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कायदा झाला की रेट वाढेल. आज २७ देतोस, उद्या ४० देशील. मग साधा हवालदार काय करेल?" बरोबर आहे. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण आज जे स्वस्त वाटतं ते कुणाच्या झोपेतून निघतं, ते मी बघितलंय. आणि मधले १४ हजार बघा. सिक्युरिटीत डीजीआरने काय केलं? माजी सैनिकांच्या एजन्सी नोंदवल्या, सरकारी उपक्रमांना त्यांची नावं दिली, गार्डला किती मिळायचे आणि एजन्सीने किती घ्यायचे हे कागदावर ठरवलं. त्यातही कुरबुरी आहेत, ऐकतो मी. पण रेट छापील आहे. तेच डीजीआर, आर.के. पुरममध्ये बसून, पेन्शनवर जाणाऱ्या नर्सिंग असिस्टंटना आणि इच्छुक वीरनारींना या कामात का आणू शकत नाही? दरवर्षी एएमसीचे किती शिकलेले हात घरी जातात आणि एटीएमबाहेर काठी घेऊन उभे राहतात. ज्या पोराने मला चादर धरायला शिकवली, त्याने पंधरा वर्षांनी एटीएमचं दार उघडायचं? मला हे पटत नाही.

गावाकडून वेगळाच फोन आला. चुलते म्हणाले, "सून असताना परकी बाई कशापायी?" फौजी माणसाला हे उत्तर द्यायचं सोपं असतं, कारण तो नेहमी बाहेर असतो आणि सेवा दुसऱ्याच कुणाची तरी कंबर करत असते. मी चुलत्यांना एवढंच म्हटलं, तुमच्या आईला शेवटी कुणी उचललं ते आठवा. काकूने. आणि आज काकूचे गुडघे कसे आहेत?

पैशाचं थोडं लिहितो, कारण बऱ्याच घरांत हे माहीत नसतं. पेन्शनर असो की फॅमिली पेन्शनर, वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला दुप्पट. आमच्या आईला हे दोन वर्षं मिळत नव्हतं, कारण वडिलांनी कागदांत तिची जन्मतारीखच लिहिली नव्हती. तिला स्वतःलाही माहीत नव्हती. तिच्या हिशोबाने ती मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या साली जन्मली. आधार, जुनी कागदपत्रं लावून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून ती दुरुस्त झाली, मग थकबाकीसकट आलं. तुमच्या घरी आई असेल तर आजच पीपीओ काढा आणि जन्मतारखेचा रकाना बघा. शिवाय १०० टक्के अपंगत्वाची पेन्शन असणाऱ्यांना, माणूस ठेवावाच लागत असेल तर, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये झाला. म्हणजे जवळ बसणाऱ्या माणसालाही खर्च येतो हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. फक्त ते लढाईत किंवा नोकरीत मोडलेल्या माणसापुरतं आहे, वयाने मोडलेल्या माणसासाठी नाही. ईसीएचएस ही दवाखान्याची आणि औषधाची योजना. आईचं औषध तिथून येतं. रात्री कूस बदलणारं माणूस तिथून येत नाही.

फेब्रुवारीत आम्ही एजन्सीचा करार सोडला. मुलीला राहायचं आहे का ते विचारलं, नाही म्हणाली असती तर तिकीट काढून दिलं असतं. ती राहिली. आता तिच्या खात्यात थेट २० हजार जातात. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दुपारी दोन तास तिचे, रविवार तिचा. रात्रीसाठी नांगल रायाहून एक बाई येतात, आठवड्यातून चार रात्री, ६०० रुपये रात्र. उरलेल्या तीन रात्री मी आणि बायको दोन-दोन तासांनी. भाऊ पुण्याहून ८ हजार पाठवतो, आईची जादा पेन्शन त्यात घालतो, बाकी आमचं. आधीपेक्षा महिना तीनेक हजार जास्त जातात. फ्रिजवर शब्दांच्या कागदाशेजारी आता रोस्टर लागलंय, मुलीने स्केचपेनने केलेलं, माझं नाव सगळ्यात खाली.

एक कबूल करतो: हे सगळ्यांना जमणारं नाही. आमच्याकडे दोन पगार आहेत, पेन्शन आहे, पैसे देणारा भाऊ आहे. नायकाच्या पगारात एकट्या मुलाने काय करायचं? म्हणूनच तर म्हणतो, हे घराघरात सहीच्या कागदावर सुटणारं काम नाही.

या महिन्यात ती पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गावी गेली आहे, सरहूलसाठी. सुट्टी मागायला आली तेव्हा जिन्यात दहा मिनिटं उभी होती असं बायको सांगते. दादीला काय काय कसं लागतं ते सगळं मला दोनदा म्हणून दाखवलं आणि मग गेली. तिच्या जागी रात्री दहा ते बारा आणि दोन ते चार माझी पाळी आहे. काल रात्री आईला वर सरकवायचं होतं, मी चादर धरली, बायकोने पलीकडून धरली, एक-दोन-तीन केलं.

आई म्हणाली, "तुला न्हाई जमत. पोर कधी येतीया?"